मांजराची माया: माणसावर की घरावर?



काकूंच्या स्मृतिव्याख्यानासाठी मांजर हा विषय थोडा हलका होईल का, अशी शंका संयोजकांपैकी एकांनी मला फोनवर बोलून दाखवली. काकूंना ओळखणाऱ्या कोणालाही तो हलका वाटणार नाही. नोकरीची मुदत संपली की जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गहून पुण्याला परतणारी कुटुंबं आपली मांजरं काकूंच्या हवाली करून जात आणि काकू ती सांभाळत. "मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही. ते इथेच बरं राहील," हे वाक्य त्यांच्या दारात पुष्कळदा बोललं गेलं. काकू ऐकून घेत, वाद घालत नसत, पण त्यांना ते कधीच पटलं नाही. पशुवैद्य म्हणून मलाही ते पटत नाही. का पटत नाही, ते आज सविस्तर मांडायचं आहे.

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचं, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती अगदी निराधारही नाही. वाड्यातलं, वाडीतलं मांजर कोणी हौसेनं आणलेलं नसायचं. धान्याच्या कणगीभोवती उंदीर असायचे, म्हणून ते असायचं. कोकणात मासळी साफ करायला बसलं की ते हजर व्हायचं. घर बदललं तर माणसं भांडीकुंडी घेऊन निघायची, मांजर मागं राहायचं. कुणी पोत्यात घालून नेलंच, तर चार दिवसांनी ते जुन्या ओट्यावर परत दिसायचं. हे सगळं खरं आहे. मांजराला आपला मुलूख वासासकट पाठ असतो आणि त्यातून उचललं की ते कासावीस होतं. पण जागेची ओढ आहे म्हणजे माणसाची ओढ नाही, हा निष्कर्ष कुठून आला? आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या गावाची ओढ आहे. म्हणून इथल्या मुलाबाळांवर आपला जीव कमी आहे, असं कोणी म्हणेल का?

आणि हे आपण कुठल्या शहरात बोलतो आहोत, तेही पाहा. वोल्फ्सबुर्ग १९३८ मध्ये मोटारीच्या कारखान्यासाठी माळावर वसवलं गेलं. त्याला आजचं नावसुद्धा १९४५ मध्ये मिळालं. १९६२ पासून इटालियन कामगार आले, पुढं इतर देशांतले आले आणि २००९ मध्ये याच कंपनीचा पुण्याजवळचा चाकणचा कारखाना सुरू झाल्यावर पुण्याची ये-जा वाढली. इथला जवळजवळ प्रत्येक माणूस किंवा त्याचे आईवडील दुसरीकडून आलेले आहेत. स्थलांतर म्हणजे काय, हे या शहराला कोणी शिकवायला नको.

मांजरही मूळचं इथलं नाही. आपल्यापैकी बरेच जण रविवारी हार्त्सच्या डोंगरात फिरायला जातात. तिथल्या जंगलात युरोपीय रानमांजर आहे. जाड शेपटीचं, टोकाला बोथट, करड्या रंगाचं. आपल्या सोफ्यावरचं मांजर त्याचं वंशज असेल असं वाटतं, पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं दाखवून दिलं, की जगातली सगळी पाळीव मांजरं पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजरापासून आली आहेत. सायप्रसमध्ये सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे. त्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं आहे. सायप्रस हे बेट आहे आणि तिथं मुळात मांजरं नव्हती. म्हणजे कोणीतरी ते नावेत घालून समुद्रापार नेलं होतं.   

मांजर आपली माया कशी दाखवतं, याचं उत्तर या इतिहासातच आहे. त्याचे रानातले पूर्वज एकटे राहणारे. मोठ्या झालेल्या दोन रानमांजरांना एकमेकांना प्रेम दाखवायची फारशी गरजच पडत नाही. ती भाषा त्यांच्या आयुष्यात एकाच ठिकाणी असते, आई आणि पिल्लं यांच्यात. पाळीव मांजरानं काय केलं, तर ती पिल्लूपणाची भाषा मोठेपणी टाकून न देता जपली आणि ती आपल्याशी वापरायला सुरुवात केली.

शेपटीचंच घ्या. तुम्ही कामावरून येता, दार उघडता आणि मांजर शेपटी उभी करून समोर येतं, टोक किंचित वळलेलं. रानमांजराचं पिल्लू आईकडे असं येतं, मोठं रानमांजर येत नाही. साउथहॅम्प्टन विद्यापीठात १९९० च्या दशकात यावर एक साधा, सुरेख प्रयोग झाला. मांजरांपुढं काळ्या कागदातून कापलेल्या मांजराच्या आकृत्या ठेवल्या. उभ्या शेपटीची आकृती पाहून मांजरं स्वतःची शेपटी उभी करून तिच्याकडे गेली, खाली शेपटी असलेल्या आकृतीपाशी बिचकली. उभी शेपटी म्हणजे "मी भांडायला आलेलो नाही, जवळ येऊ का?"

त्यानंतर ते पायात घोटाळतं. आपण म्हणतो, भूक लागली असेल. कधी लागलेलीही असते. पण त्याच्या गालांवर, हनुवटीखाली, कपाळाच्या दोन्ही बाजूंना आणि शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. अंग घासताना ते आपला वास तुमच्या अंगावर ठेवतं आणि तुमचा स्वतःवर घेतं. एकत्र राहणारी मांजरं एकमेकांशी हेच करतात. त्यातून सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो आणि त्या वासावरून आपलं कोण, परकं कोण, हे कळतं. कपाळानं हलकी टक्कर देण्याला जर्मन शेजारी 'क्योप्फशन गेबन' म्हणतात. तुम्ही दिवसभर कारखान्याचा, कँटीनचा, बसचा वास घेऊन घरी येता. मांजर तुम्हाला पुन्हा घरच्या वासाचं करून घेतं. एवढ्या कष्टानं आपलासा केलेला माणूस त्याच्या लेखी केवळ दार उघडणारा नोकर असेल, असं मला वाटत नाही.

आता डोळे. मांजर डोळे मिटून दूध पितं, असं आपण लबाड माणसाबद्दल म्हणतो. आपल्या भाषेनं मांजराच्या मिटल्या डोळ्यांवर हा जो आळ घेतला आहे, तो काढून टाकायला हवा. शिकारी प्राणी, जो स्वतःही इतरांची शिकार होऊ शकतो, तो कोणासमोर डोळे मिटतो? ज्याच्यापासून धोका नाही त्याच्यासमोर. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासलं. मालकानं मांजराकडे पाहत सावकाश डोळे बारीक केले, मिटले आणि उघडले, तर मांजरानंही तसं करण्याचं प्रमाण वाढलं. पुढं अनोळखी संशोधकानं हेच केलं, तर निर्विकार चेहऱ्यानं हात पुढं करणाऱ्यापेक्षा मांजरं त्याच्याकडे अधिक गेली. आज रात्री घरी जाऊन करून पाहा. टक लावून पाहू नका, कारण मांजरांत ती दमदाटी असते. तिरकं बसा, सावकाश पापण्या मिटा, उघडा, नजर बाजूला करा. उत्तर आलं तर तो क्षण फार मोठा असतो. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. घाबरलेल्या प्राण्याला टेबलावर घेण्याआधी आम्ही दवाखान्यात हेच करतो.

घुरघुरीबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण तिच्याबद्दल गैरसमज जास्त आहेत. साधारण २५ ते ३० हर्ट्झचा हा आवाज श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा चालू राहतो. मेंदूकडून स्वरयंत्राच्या स्नायूंना सतत ठोके मिळतात आणि त्यातून घुरघुर होते, असं आम्हाला शिकवलं होतं. २०२३ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी मृत मांजरांच्या स्वरयंत्रांतून नुसती हवा सोडून त्या पट्टीतला आवाज काढून दाखवला. स्वरतंतूंमध्ये रुतलेल्या तंतुमय गाद्यांमुळं तो शक्य होतो. जिवंत मांजरात मेंदूचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. आपल्याला महत्त्वाचं आहे ते हे, की घुरघुर म्हणजे दर वेळी सुखच असं नाही. जन्मानंतर काही दिवसांतच, दूध पिता पिता, पिल्लू घुरघुरू लागतं आणि आईही घुरघुरते. "मी इथे आहे, ठीक आहे, तू जवळ राहा," असा तो संवाद. म्हणून आनंदातलं मांजर घुरघुरतं तसं वेदनेतलंही घुरघुरतं. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये शिकत असताना हाड मोडलेली मांजरं घुरघुरताना मी पाहिली आहेत. त्यांना बरं वाटत नव्हतं. त्यांना कोणीतरी जवळ हवं होतं.

शिवाय एक मागणीची घुरघुर असते. ससेक्सच्याच कॅरन मॅकॉम्ब यांनी २००९ मध्ये दाखवलं, की खायला मागताना मांजर घुरघुरीत एक उंच पट्टीचा स्वर मिसळतं आणि तो तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीच्या जवळ जातो. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही, त्यांनाही तो आवाज अधिक निकडीचा वाटला. काही जण याला लबाडी म्हणतात. मला त्यात लबाडी दिसत नाही. माणसाचं कान देऊन निरीक्षण केल्याशिवाय हे जमणार नाही. म्यांवचंही तसंच. मोठी मांजरं एकमेकांशी क्वचितच म्यांव करतात, ते आपल्यासाठी राखून ठेवलेलं असतं. आणि ऐकणं एकतर्फी नाही. जपानमधल्या अत्सुको साइतो यांनी २०१३ मध्ये मांजरं मालकाचा आवाज परक्यांच्या आवाजांतून ओळखतात हे दाखवलं आणि २०१९ मध्ये ती स्वतःचं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात हेही. ओळखूनही ती धावत येत नाहीत, कान वळवतात, शेपटीचं टोक हलवतात. आपण धावत येण्याची वाट पाहतो आणि वळलेला कान आपल्याला दिसतच नाही.

मांडीवर बसून कणीक तिंबावी तसं पंज्यांनी दाबत राहणं, हेही दूध पितानाचं. आईच्या आचळाभोवती दाबलं की दूध सुटतं. तुमच्या स्वेटरमधून नखं टोचली तर ओरडू नका, खाली एक जाड पंचा घ्या. पोट दाखवून लोळणं मात्र नीट समजून घ्या. तो विश्वास आहे, पोटाला हात लावायचं आमंत्रण नाही. अनेक घरांत मुलांना ओरखडे इथेच मिळतात आणि मग मांजर "उलटतं" असं म्हणतात. २०१५ मधल्या एका इंग्लिश अभ्यासात मांजरांना डोळा आणि कान यांच्यामधल्या भागावर कुरवाळलेलं चाललं, शेपटीच्या मुळाशी हात लावल्यावर नाराजीच्या खुणा वाढल्या.

मांजर आणि माणूस यांच्या नात्यात सगळ्यात मोलाची गोष्ट मला झुरिचच्या डेनिस टर्नर यांच्या कामात सापडली. त्यांनी माणसांच्या घरांत बसून नोंदी केल्या. मांजरानं सुरू केलेली भेट माणसानं सुरू केलेल्या भेटीपेक्षा जास्त वेळ टिकते. आणि मांजर जवळ यायला बघतं तेव्हा जो माणूस प्रतिसाद देतो, त्याची इच्छा असते तेव्हा ते मांजरही त्याला प्रतिसाद देतं. हे फार मोठं सांगणं आहे. उचलून घेतलेलं, दाबून धरलेलं मांजर आपलं होत नाही. ज्याला जाऊ दिलं जातं ते परत येतं आणि आलं की जास्त थांबतं. लहान मुलांना मी एवढंच सांगते: खाली बस, एक बोट पुढं धर, त्याला वास घेऊ दे. त्यानं गाल घासला तर कुरवाळ. मध्येच थांब आणि बघ. ते पुन्हा डोकं पुढं करतं का? केलं तर चालू ठेव, नाही तर हात मागे घे. दुसऱ्याची संमती म्हणजे काय, हे पाच वर्षांच्या मुलाला समजावणारा दुसरा इतका चांगला गुरू मला माहीत नाही.

आपल्या आचार्यांनीही मांजरीकडे बारकाईनं पाहिलं होतं. मार्जारकिशोर न्याय आपण ऐकलेला असतो. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू स्वतःला सोडून देतं आणि आई त्याला मानगुटीला धरून नेते. शरणागती समजावण्यासाठी श्रीवैष्णव परंपरेनं हा दाखला घेतला. त्याला शरीरशास्त्राचा आधारही आहे. मानगुटीची कातडी धरली की पिल्लू खरोखरच अंग सैल सोडतं. मोठ्या मांजराला मात्र असं उचलू नका. त्याला ते दुखतं आणि त्याची भीती वाढते.

आता मूळ प्रश्न. हे सगळं वागणं जेवणासाठी आणि उबेसाठी आहे, की त्यामागे विशिष्ट माणसाची ओढ आहे? यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही आणि ते तसंच सांगायला हवं. २०१५ मध्ये इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठानं मोठ्या मांजरांवर प्रयोग केला. लहान मुलांचा आईशी असलेला बंध तपासायची जी पद्धत आहे, तिच्यावर आधारलेला. त्यांचा निष्कर्ष असा, की मांजर सुरक्षिततेसाठी मालकावर अवलंबून असल्याचा पुरावा मिळत नाही. चार वर्षांनी अमेरिकेत ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या क्रिस्टिन व्हिटाली यांनी थोड्या वेगळ्या पद्धतीनं पिल्लांवर आणि मोठ्या मांजरांवर काम केलं. मालक दोन मिनिटं खोलीबाहेर जाऊन परत आला, की जवळपास ६५ टक्के मांजरं त्याला भेटून शांत झाली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. माणसाच्या तान्ह्या मुलांतही सुरक्षित बंधाचं प्रमाण जवळपास एवढंच आढळतं. त्याच गटानं २०१७ मध्ये मांजरांपुढं खाणं, खेळणं, वास आणि माणसाचा सहवास ठेवला होता. निम्म्या मांजरांनी माणूस निवडला.

मला हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडणारे वाटत नाहीत. मांजर एकट्यानं निभावू शकतं आणि तरीही त्याला कोणीतरी लागतं. दवाखान्यातला माझा अनुभव याच बाजूनं आहे. मालक सुट्टीवर गेला, शेजारी रोज येऊन खाणं घालतो, घर तेच, पांघरूण तेच, तरी मांजर बिछान्यावर लघवी करतं. लोक म्हणतात, सूड घेतला. २००२ मध्ये अमेरिकेत विरहानं बिघडलेल्या १३६ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. भलत्या जागी लघवी करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मालकाचा बिछाना निवडला होता. जिथं त्या माणसाचा वास सगळ्यात दाट, तिथंच ती आपला वास मिसळत होती. मांजर नुसत्या घराचं असतं, तर घर जागेवर असताना हे का झालं असतं?

म्हणूनच मला इथल्या जगण्याबद्दल दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. घरमालक मांजराला नाही म्हणेल या भीतीनं काही कुटुंबं ते लपवून ठेवतात. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २० मार्च २०१३ ला निकाल दिला आहे, की छापील भाडेकरारातली कुत्र्यामांजरांवरची सरसकट बंदी अवैध आहे. प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो. तेव्हा आधी विचारा, लेखी घ्या. दुसरं, आपल्या सगळ्यांच्या खिडक्या वरून तिरक्या उघडतात. त्या फटीत मांजर अडकतं आणि जितकं धडपडतं तितकं खाली रुततं, मागचे पाय लुळे पडतात, जीवही जातो. बाजूला लावायची जाळी दुकानात मिळते. तिसरं, चिप बसवून भागत नाही, हरवलेल्या प्राण्यांसाठी नोंदी ठेवणाऱ्या टासो या संस्थेकडे तिची नोंद करा. ती फुकट आहे. आणि रोज मांडीवर येणारं मांजर यायचं थांबलं, पलंगाखाली बसू लागलं, तर त्याला राग आला असं ठरवू नका. दात, सांधे, मूत्रपिंडं तपासून घ्या. दुखत असलं की मांजर आधी लपतं.

आता जाण्याबद्दल. पुण्याहून मांजर इथे आणायचं असेल, तर तिकिटाच्या आधी मांजराचा विचार करा, कारण त्याला चार महिन्यांहून अधिक वेळ लागतो. आधी चिप, मग रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन युरोपीय संघानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची तपासणी. रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबणं. शेवटी निघायच्या आधीच्या दिवसांत सरकारी पशुवैद्याचं प्रमाणपत्र. उलट इथून भारतात जाणार असाल आणि पुढं परत यायची थोडी जरी शक्यता असेल, तर हीच रक्ततपासणी जर्मनी सोडण्याआधी करून मांजराच्या पासपोर्टमध्ये नोंदवून घ्या आणि लस कधी चुकवू नका. मग परत येताना तीन महिने थांबावं लागत नाही.

नव्या घरात पोचल्यावर त्याला पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा. जुनं, न धुतलेलं पांघरूण तिथं घाला, तुमचा वापरलेला सदरा घाला, शी-शूसाठी माती घातलेलं भांडं एका कोपऱ्यात आणि खाणं दुसऱ्या कोपऱ्यात. ओढून बाहेर काढू नका. तुम्ही त्या खोलीत जाऊन बसा, फोनवर बोला, पुस्तक वाचा. ते पलंगाखालून बाहेर येईल, भिंतीच्या कडेकडेनं जाईल, खुर्चीच्या पायाला गाल घासेल, मग तुमच्या पायाला. त्यानंतर दार उघडं ठेवायला हरकत नाही.

काकूंकडे राहिलेली शेवटची दोन मांजरं आता त्यांच्या मुलीकडे आहेत आणि ती उन्हाळ्यात तिच्यासोबत म्युनिकला जाणार आहेत. त्यांच्या चिपची नोंद नव्या पत्त्यावर झाली आहे.